रायगडच्या किनाऱ्यावरील चिनी पाकक्रिया

उरणपासून श्रीवर्धनपर्यंत समुद्राच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर बाजारपेठेचे म्हणून जे जे गाव लागते, त्याच्या नाक्यावर दिवेलागणीच्या सुमारास ‘चायनीज’ अशी पाटी लावलेली एखादी तरी हातगाडी उभी असते, आणि तिच्याभोवती जमणाऱ्या तरुण मंडळींच्या मनात चिनी भोजनाची जी कल्पना दृढ होते, ती मंचुरियन, शेजवान आणि तांबूस रंगाचा परतलेला भात एवढ्यापुरतीच राहते. ह्या पदार्थांना नावे ठेवण्याचे काही कारण नाही. कलकत्त्यात जन्मलेले आणि पुढे मुंबईत येऊन नामांकित झालेले पाकनिपुण नेल्सन वांग ह्यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या भोजनगृहात आले, लसूण आणि हिरवी मिरची ह्या आपल्या नित्याच्या वाटणात सोया सॉस आणि मक्याचे पीठ मिसळून कोंबडीचा जो पदार्थ सिद्ध केला, तोच चिकन मंचुरियन. तेव्हा तो मुंबईचाच आहे आणि मुंबईने त्याचा अभिमान बाळगावा हे रास्तच आहे. परंतु प्रत्यक्ष चिनी कुटुंबांतून शतकानुशतके चालत आलेला मांसाचा आणि टोफूचा स्वयंपाक ह्याहून अगदी निराळा, पुष्कळ सौम्य आणि पुष्कळ साधा आहे. आणि ह्या लेखात मला आग्रहाने सांगावयाचे आहे ते हे, की तो स्वयंपाक महाराष्ट्रात कोठे सहजपणे रुजू शकत असेल तर तो रायगडच्या किनाऱ्यावरील घरांत, कारण त्याला लागणारा निम्माअधिक सरंजाम ह्या घरांच्या फडताळांत आणि अवतीभवतीच्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या हजर आहे.

चिनी माणूस आणि त्याची चूल ह्या किनाऱ्याला तशी फार दूरचीही नाही. रेवस आणि मोरा येथून निघालेली लाँच मुंबईत ज्या भाऊच्या धक्क्याला लागते, त्या धक्क्याच्या माझगावातच नवाब टँक रस्त्यावर चिनी लोकांचे सी यप मंदिर १९१९ सालापासून उभे आहे. चीनच्या दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांतातून खलाशी आणि कारागीर म्हणून आलेल्या लोकांनी ते बांधले, आणि क्वान कुंग ह्या न्यायनिष्ठ वीरदैवताची तेथे पूजा होते. ह्या लोकांच्या घरी जो स्वयंपाक होई तो उपाहारगृहांच्या याद्यांत फारसा आला नाही; गिऱ्हाइकाच्या रुचीप्रमाणे तेथील पदार्थ पालटत गेले आणि घरगुती पदार्थ घरातच राहिले. त्यांतील चार पदार्थ, म्हणजे दोन टोफूचे आणि दोन मांसाचे, येथे कारणमीमांसेसह द्यावयाचे योजिले आहे. परंतु त्याआधी टोफूविषयी सविस्तर लिहिणे प्राप्त आहे.

टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधातील प्रथिने साकळून केलेली वडी. ह्वायनानचा राजा ल्यू आन ह्याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तिचा शोध लावला अशी चिनी परंपरा आहे. पाहणाऱ्याला ती पनीरसारखी दिसते, पण दोहोंची घडण भिन्न आहे. गाईम्हशींच्या दुधातील केसीन आंबट पदार्थाने फाटते; सोयाबीनमधील ग्लायसिनीन आदि प्रथिने आंबटाने साकळतात खरी, पण त्यांची मऊ, एकजीव आणि दुधाची गोडी राखणारी वडी पाहिजे असेल तर मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम ह्यांचा क्षार लागतो, कारण ह्या धातूंचे कण शिजून उलगडलेल्या प्रथिनांना एकमेकांशी सांधतात आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवतात. चीनच्या दक्षिणेत ह्या कामी शिरगोळा, म्हणजे जिप्सम, वापरण्याचा शिरस्ता आहे. उत्तरेत मात्र समुद्राचे किंवा खाऱ्या विहिरींचे मीठ काढून घेतल्यावर मागे उरणारे कडू पाणी वापरतात, आणि त्यातील मुख्य द्रव्य मॅग्नेशियम क्लोराइड हे असते.

हे वाचताना उरण, पेण आणि पनवेल ह्या तालुक्यांतील वाचकाला आपल्या मिठागरांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. जो जिल्हा १९८१ साली रायगड झाला, त्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात मिठाचे उत्पादन हा मोठा उद्योग होता आणि आगरी समाजाचे कित्येक पिढ्यांचे कसब त्यात गुंतलेले होते. भरतीचे पाणी आगरात घ्यावे, पावसाळा सरल्यापासून वैशाखापर्यंतच्या उन्हात ते टप्प्याटप्प्याने आटवावे, तळाशी खडा धरला म्हणजे तो ओढून रास घालावी, आणि जे जड, तेलकट, जिभेला कडू लागणारे पाणी उरते ते सोडून द्यावे, असा हा व्यवसाय. जे पाणी येथे टाकाऊ ठरले, तेच चीनच्या किनाऱ्यावर लक्षावधी लोकांच्या रोजच्या अन्नाचे साधन झाले. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, त्याच्या मागेपुढे उरणची कितीतरी आगरे भरावाखाली गेली. जी उरली आहेत त्यांच्या ह्या उपपदार्थाचा शुद्धीकरण करून खाद्योपयोग व्हावा, अशी सूचना जाणत्यांपुढे ठेवावीशी वाटते. मात्र आगरातील पाणी परस्पर आणून घरी वापरू नये. खाण्यालायक प्रतीचे मॅग्नेशियम क्लोराइड किंवा शिरगोळ्याची पूड विकत घ्यावी, आणि तीही न मिळाल्यास लिंबाच्या रसावर काम भागवावे.

कृती अशी. पाव किलो सोयाबीन निवडून, धुऊन उन्हाळ्यात आठ आणि थंडीत बारा तास भिजवावे. एकंदर दीड लिटर पाणी घेऊन त्यातील थोड्या पाण्यात ते अगदी बारीक वाटावे, उरलेले पाणी मिसळून जाड बुडाच्या पातेल्यात तापवावे, आणि फेस वर चढू लागताच आच कमी करून ढवळत ढवळत निदान दहा मिनिटे उकळू द्यावे. येथे घाई करू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारे एक द्रव्य असते आणि ते ह्या उकळण्यानेच निकामी होते, शिवाय उग्र वासही बराच ओसरतो. मलमलच्या फडक्यातून दूध पिळून घ्यावे. फडक्यात राहणारा चोथा टाकू नये, थालीपीठाच्या पिठात तो फार चांगला जिरतो. दूध सुमारे ७५ ते ८० अंश सेल्सिअसवर आले, म्हणजे वाफ येत आहे पण हालचाल थांबली आहे अशा अवस्थेत, एक लहान चमचा मॅग्नेशियम क्लोराइड वाटीभर कोमट पाण्यात विरघळवून दोन-तीन वेळा करून हलक्या हाताने मिसळावे आणि झाकण ठेवून पंधरा मिनिटे हात लावू नये. वर पिवळसर निवळ पाणी सुटले की साय मोडल्यासारखे ढग फडक्यात काढून, चाळणीत दडपून, वर किलोभर वजन ठेवावे. वीस मिनिटांत मऊ आणि पाऊण तासात घट्ट टोफू तयार होतो. तो पाण्यात बुडवून थंड जागी ठेवला आणि पाणी रोज बदलले तर तीन दिवस उत्तम राहतो.

आता पहिला पदार्थ. अठराव्या शतकातील युआन मेई हा चिनी कवी काही वर्षे सरकारी अंमलदार होता, मग हुद्दा सोडून नानकिंग येथील आपल्या बागेत राहिला, आणि १७९२ साली त्याने पाकशास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, तो चीनमध्ये आजही प्रमाण मानतात. त्यात टोफूचे काही प्रकार ज्या ज्या अधिकाऱ्याच्या घरी तो जेवला, त्या त्या अधिकाऱ्याच्या नावाने नोंदलेले आहेत, आणि त्यांपैकी च्यांग नावाच्या उपमंत्र्याचा टोफू हा आपल्या किनाऱ्याला विशेष जवळचा आहे. टोफूची वरची कातडी दोन्ही बाजूंनी काढून प्रत्येक वडीचे सोळा काप करावेत व ते वाळवावेत. चरबी चांगली तापून निवळ धूर निघू लागल्यावर ते तीत टाकावेत, चिमूटभर मीठ घालावे. उलटल्यावर चहाचा पेला भरून गोड मद्य आणि मोठी सुकी कोळंबी नगास १२०, आणि मोठी नसल्यास लहान ३००, अगोदर उकळत्या पाण्यात नीट भिजवलेली, घालावी. मग सोया सॉस, मग साखर, प्रत्येक वेळी पुन्हा एक उकळी, आणि शेवटी अर्ध्या इंचाचे १२० कांद्याच्या पातीचे तुकडे, असा तपशील त्याने दिला आहे. सुकी कोळंबी मोजून घालण्याचा हा कटाक्ष पाहिला म्हणजे तिची किंमत तो किती जाणत होता हे ध्यानात येते.

ही सुकी कोळंबी म्हणजे आपले सोडे. जून आणि जुलै ह्या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला सरकारी बंदी असते आणि होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. त्या काळाची बेगमी म्हणून वरसोली, थळ, रेवदंडा, मुरूड येथील कोळणी कोळंबी सोलून, उन्हात वाळवून सोडे करतात, आणि सोड्यांची खिचडी किंवा वांग्यातले सोडे ह्यांवाचून कित्येक घरांचा पावसाळा साजरा होत नाही. सोड्यांचा आणि सोया सॉसचा संयोग चिन्यांना का साधला ह्याचे उत्तर रसायनशास्त्र देते. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा ह्यांनी १९०८ साली दाखवून दिले, की समुद्री वनस्पतीच्या कढाला येणारी खमंग, रसाळ चव ही ग्लुटामेट ह्या द्रव्याची आहे. आंबवलेल्या सोयाबीनमध्ये ते विपुल असते. सुक्या मासळीत न्यूक्लिओटाइड जातीची द्रव्ये असतात, आणि ही दोन्ही एकत्र आली म्हणजे चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी पटींनी वाढते. बाजारी अजिनोमोटोची चिमूट जे काम करते ते काम येथे सोडे आणि सोया सॉस परस्पर करतात.

आपल्या घरी हा पदार्थ करताना ३०० ग्रॅम घट्ट टोफूचे बोटभर जाडीचे काप करून कोरड्या फडक्यावर अर्धा तास पसरावेत, कारण ओला काप तेलात पडला की चिकटतो आणि मोडतो. मूठभर सोडे धुऊन कोमट पाण्यात तासभर भिजवावेत आणि ते पाणी जपून ठेवावे. बिडाचा तवा किंवा लोखंडी कढई चांगली तापवून तीन चमचे तेल घालावे, काप एकेक करून अंतराने मांडावेत आणि चार-पाच मिनिटे त्यांना हलवू नये. खालची बाजू सोनेरी होऊन पापुद्रा धरला की काप तव्यापासून आपोआप सुटतो, सुटत नसेल तर अजून वेळ आहे असे समजावे. उलटल्यावर सोडे व त्यांचे पाणी, दोन चमचे सोया सॉस, अर्धा चमचा साखर आणि आल्याचे दोन काप घालून झाकण न ठेवता रस निम्मा आटवावा. मद्य घरात चालत नसेल तर वगळावे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या पातळ फोडी आणि भरपूर हिरवी पात शेवटच्या मिनिटाला घालावी. ह्या कांद्याचा गोडवा आणि कमी तिखटपणा ह्या पदार्थाला फार मानवतो. शेलफिश वर्ज्य मानणाऱ्या बेने इस्रायल कुटुंबांनी सोड्यांच्या जागी सुके अळंबे घ्यावेत.

दुसरा पदार्थ मापो टोफू. सेचवान प्रांताची राजधानी छंग्तू येथे वानफू पुलाजवळ १८६२ साली चेन नावाच्या कुटुंबाची खाणावळ निघाली, तेलाची ओझी वाहणारे हमाल तेथे उतरत, आणि चेहऱ्यावर देवीचे वण असलेली तिची मालकीण त्यांच्यासाठी टोफू, थोडे मांस आणि भरपूर तिखट ह्यांचा हा रस्सा करी, अशी त्याची हकीकत सांगतात. मूळ पदार्थात गोमांस असे. आपल्याकडे बोकडाचा खिमा घ्यावा, तो त्यात उत्तम शोभतो. ह्या पदार्थाची खूण म्हणजे मिरचीचा जाळ आणि त्याबरोबर जिभेला व ओठांना येणारी मुंग्यांसारखी झिणझिण. मिरची चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस आली आणि १५९१ च्या एका ग्रंथात तिचा पहिला उल्लेख शोभेचे झाड म्हणून आढळतो. आपल्याही किनाऱ्यावर तिला त्याच शतकात पोर्तुगिजांनी आणले, आणि त्यांच्या चौल-रेवदंड्याच्या ठाण्याची तटबंदी आजही उभी आहे. तेव्हा सेचवानी आणि कोकणी तिखट हे एकाच काळातले पाहुणे होत. झिणझिणीची गोष्ट मात्र फार जुनी आहे. ती देणारे सेचवानी मिरे आणि दक्षिण कोकणात व गोव्यात बांगड्याच्या आमटीत ठेचून घालतात ते तिरफळ ही एकाच वनस्पतिकुलातील, झँथॉक्सिलम ह्याच प्रजातीतील भावंडे आहेत. दोहोंत वापरावयाचे ते वरचे टरफल. आतील काळे बी कडवट व करकरीत असल्यामुळे काढून टाकतात. सेचवानी मिऱ्यातील सान्शूल नावाचे द्रव्य चव ओळखणाऱ्या नसांऐवजी स्पर्श ओळखणाऱ्या नसांना चेतवते, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ही झिणझिण सेकंदाला सुमारे ५० कंपनांएवढी असल्याचे दिसून आले. तिरफळाचा वास अधिक रानटी आणि भारी असतो, म्हणून ते थोडेच घ्यावे.

कृतीत ४०० ग्रॅम मऊ टोफूच्या इंचभर फोडी करून त्या मिठाच्या गरम पाण्यात तीन मिनिटे ठेवाव्यात; त्याने त्या आवळून येतात आणि नंतर मोडत नाहीत. १०० ग्रॅम खिमा तेलात कोरडा व करकरीत होईपर्यंत परतावा. मग आच उतरवून सेचवानची आंबवलेली तिखट बाकळ्याची चटणी दोन चमचे घालावी आणि तेल लाल होईपर्यंत परतावी. ती मुंबईच्या मोठ्या दुकानांत मिळते. न मिळाल्यास भिजवून वाटलेली काश्मिरी मिरची आणि सोया सॉस घ्यावा, चव थोडी कमी पडते पण जात तीच राहते. आले-लसूण, वाटीभर मटणाचे पाणी आणि टोफू घालून पाच मिनिटे मंद शिजवावे, मक्याच्या पिठाचे पाणी एकदम न ओतता तीन वेळा थोडेथोडे घालावे म्हणजे रस फोडींना लपेटून राहतो, आणि उतरविल्यावर भाजून कुटलेल्या तिरफळाची चिमूट भुरभुरावी.

मांसाच्या पदार्थांत पहिला मान सोया सॉसमध्ये रटरटून लालसर केलेल्या मांसाला द्यावा. सू तुंग-पो हा थोर कवी १०८० साली राजदरबाराच्या अवकृपेने ह्वांगचौ येथे पाठविला गेला असता स्वस्त डुकराचे मांस मंद आचेवर, थोड्या पाण्यात, निवांतपणे शिजवी, आणि त्या रीतीला त्याचेच नाव आजवर चालत आले आहे. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन येथील मुसलमान घरांत आणि इतरही अनेक घरांत ते मांस चालत नाही. परंतु चीनमधील मुसलमान ह्याच रीतीने मेंढीबकऱ्याचे मांस करतात, तेव्हा आपण बोकडाचे मटण घेण्यात काहीही उणे नाही. ह्यात लागणारे बादियान मूळचे दक्षिण चीनचेच, आणि आपल्या मसाल्यातून ते घराघरात पोहोचलेले आहे.

हाडांसह एक किलो मटण थंड पाण्यात घालून उकळी आणावी, वर येणारा फेस काढून मांस धुऊन घ्यावे. चिनी स्वयंपाकिणीच्या दृष्टीने रसाची शुद्धता येथे ठरते. दोन चमचे तेलात दोन चमचे साखर मधाच्या रंगावर वितळवून त्यात मांस परतावे, आल्याचे जाड काप, दोन बादियान, दालचिनीचा तुकडा, दोन सुक्या मिरच्या आणि चार चमचे सोया सॉस घालून मांस बुडेल इतके गरम पाणी ओतावे आणि अगदी मंद आचेवर दीड ते दोन तास ठेवावे. मांसाला जोडून ठेवणारे कोलॅजन ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटीन होते, आणि ओठाला किंचित चिकटणारा, तकतकीत रस त्यानेच येतो. जोराच्या आचेने मात्र मांसाचे धागे आवळतात आणि आतले पाणी बाहेर पडते. मीठ शेवटी, चव घेऊन घालावे, कारण सोया सॉसमध्ये सहाव्या-सातव्या हिश्शाइतके मीठ असतेच. खोबरे, कांद्याचे वाटण किंवा गरम मसाला येथे घालू नये. मांसाचा स्वतःचा स्वाद पुढे आणणे हाच ह्या पदार्थाचा हेतू आहे.

चौथा पदार्थ शेंगदाण्यांसह परतलेली कोंबडी. एकोणिसाव्या शतकात सेचवानचा सुभा ज्याच्याकडे होता त्या तिंग पाओ-चन ह्याचा तो आवडता म्हणून प्रसिद्ध आहे. कोंबडीच्या तंगडीच्या मांसाच्या लहान फोडींना सोया सॉस आणि मक्याचे पीठ चोळून वीस मिनिटे ठेवावे; पिठाचा हा पातळ लेप आतील ओलावा राखतो. घरगुती गॅसची आच उपाहारगृहाच्या भट्टीएवढी प्रखर नसते, म्हणून एका वेळी पाव किलोहून अधिक मांस कढईत घालू नये, नाहीतर ते परतले न जाता स्वतःच्या पाण्यात उकडते. सुक्या मिरच्या आणि तिरफळ तेलात फोडणीला टाकून, फोडी भरभर परतून, साखर, व्हिनेगर आणि सोया सॉस ह्यांचे मिश्रण ओतावे, आणि भाजलेले दाणे अगदी शेवटी घालावेत.

हे पदार्थ नुसते वाटीत घेऊन खाण्याचे नव्हेत. बिनमिठाच्या साध्या भाताशी तोंडी लावण्याचे आहेत, आणि चार माणसांत दोन पदार्थ व एक परतलेली पालेभाजी एवढा बेत पुरेसा होतो. बासमतीपेक्षा कर्जतच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या जाड दाण्याच्या वाणांचा मऊ भात त्यांच्याशी अधिक जुळतो. विकत घेताना काळजी घ्यावयाची ती फक्त सोया सॉसची: सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढेच जिन्नस ज्या बाटलीवर लिहिले असतील आणि जी आंबवून केलेली असेल, तीच घ्यावी, रंग आणि साखर घातलेली स्वस्त बाटली चारही पदार्थांची नासाडी करते. वाचकांना माझी विनंती आहे की चारही पदार्थ एकदम अंगावर न घेता, पावसाळ्यात ताजी मासळी नसते त्या दिवसांत, प्रथम घरचा टोफू आणि डब्यातले सोडे ह्यांचा पदार्थ करून पाहावा. तो हाताखाली आला की बाकीचे तीन आपल्या पावलांनी मागोमाग येतील.